मागची बाजू

मॅकल्सफील्डच्या जुन्या रेशीम गिरणीचा तिसरा मजला,
उत्तरेचा उजेड, टेबलावर पांढरा कागद,
कागदावर ती:
बुर्साची मखमल, उशीचा अभ्रा.
दोन्ही टोकांना सहा-सहा कमानी,
मधे पंख्यासारखी उघडलेली कार्नेशनं,
पाकळ्यांच्या कडा करवतीच्या.
लाल तिथे लव, लव नाही तिथे जर.
म्हणजे होती कधीतरी जर.
आता चांदी काळवंडून रेशमावरून सुटत चाललीय
लसणाच्या सालीसारखी, श्वास लागला तरी.

डर्बीशरच्या डोंगरातल्या एका चर्चमधून आली.
आधी तिच्यावर बायबल ठेवायचे,
मग कुणीतरी गुडघे टेकायला घेतली.
मधोमध टक्कल पडलंय
दोन गुडघ्यांएवढं, डावं जरा मोठं.
सोबत रेव्हरंड थॉर्नलींची चिठ्ठी:
तेवढं भरून द्या, सुगीच्या प्रार्थनेआधी.

तेवढं भरून देता येत नाही, रेव्हरंड.
लवेचा ताणा वेगळा असतो.
खालचा ताणा ताठ, हा वरचा सैल,
पितळी सळईवरून चढतो आणि उतरतो.
सळईला खाच, खाचेतून सुरी.
सुरी गेली की कापली टोकं उभी राहतात,
पुन्हा सळई, पुन्हा सुरी,
हात घसरला की आठवडा गेला.

सोमवारी प्रयोगशाळेचा कागद आला.
लाल रंग: लाख.
मॉरीन बार्डस्ली म्हणाली, किडा.
मी म्हटलं, अळता.
आमच्याकडे बायका पायांना लावत.
गुडघ्यांपर्यंत पोचल्याचं मात्र
पहिल्यांदाच बघतेय.

दुपारी साडेचारला इचलकरंजीत रात्रीचे नऊ.
बाबा अडतीस वर्षं मागांवर जॉबर,
कान त्या खडखडाटातच ठेवून घरी आले,
म्हणून मी पाटीवर लिहून फोनसमोर धरते.
फुलं दाखवली. कमानी दाखवल्या.
चांदी दाखवली, त्यांनी मान हलवली,
पाहुण्यांच्या पोरीचा नाच बघितल्यासारखी.
मग हात उलटा केला:
पालथं घाल.

मागं काही नाही हो, मी लिहिलं,
साधा सुती बाणा.
तरी मॉरीननं आणि मी, चार हातांनी,
पाळण्यातलं मूल कुशीवर करावं तशी वळवली.
बाबा चष्मा काढून बघत राहिले.
जवळ घे.
अजून.
आता सरक हळूहळू.
थांब.

"हितं माणूस बदललाय."

कुठे?
"कमानी सरल्या, फुलं लागली, तितं.
आधीच्याचा ठोका जड. रागीट असंल.
दुसरा हलका, पण एकसारखा.
आन् पयला परत आलेलाच न्हाई बघ,
जेवायला गेला असता तर आला असता."

भिंग लावलं.
आडवे धागे, सेंटिमीटरला अकरा, अकरा, अकरा.
मग नऊ.
पुढून मोजलं तर त्या ओळीपासून पुढची फुलं
थोडी उंच. बोटाला कळणार नाहीत,
डोळ्याला तर नाहीच.
इतकी वर्षं कुणी म्हटलं नसेल
की ही कार्नेशनं दोन माणसांची आहेत.

तब्येतीच्या तक्त्यात रकाने आहेत:
कसर, ऊन, ओल, जुनी शिवण, मेणाचे डाग.
माणूस बदलला, याला रकाना नाही.
'इतर' मधे लिहिलं, पेन्सिलीनं.
आणि रेव्हरंडना पत्र:
टकलावर रंगवलेली रेशमी जाळी घालू,
केसाएवढ्या दोऱ्यानं टाचू.
गुडघे तसेच राहतील.

बाबा अजून फोनवरच होते.
"मजुरी कशी होती त्यांची? वारावर का रोजावर?"
माहीत नाही, मी लिहिलं.
"मग इचार की कुणाला तरी."

मॉरीनला विचारलं.
ती म्हणाली, कुणाला विचारायचं?
मग तिनंच दिवा खाली ओढला,
चहा बाजूला सारला,
आणि एका दिवसात किती होत असेल हे बघायला
सळया मोजायला घेतल्या, पहिल्या कमानीपासून.